पडायची जागा

श्यामकांत कर्णिकांचा माणसांच्या पडण्यावर फार राग होता. रोगराई, भूकंप ह्यांच्यापुढे माणसाचं काही चालत नाही हे त्यांना मान्य होतं, पण पडणं म्हणजे त्यांच्या मते निव्वळ हलगर्जीपणा. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार! तिथे त्यांनी एकच मंत्र जपला आणि चारशे कामगारांकडून जपून घेतला: जमिनीवर काही सांडलेलं, उमटलेलं दिसलं की आधी पुसा, मग विचारा. कोणी सांडलं, का सांडलं, ही चौकशी नंतर. निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या चांदीच्या गणपतीपेक्षा त्यांना ह्या मंत्राचाच अभिमान जास्त होता.

निवृत्तीनंतर ते बदलापूरला मुलाकडे राहायला आले. मुलगा आणि सून उन्नती दोघंही सकाळी सहाला घर सोडायचे ते रात्री आठला परतायचे. मधला सगळा दिवस कर्णिक आणि त्यांची सात वर्षांची नात राजसी. तिचा डबा भरायचा, वेणी घालायची, शाळेत सोडायचं, आणायचं. कर्णिकांनी आयुष्यात कोणाचे लाड केले नव्हते, ते सगळे साठवलेले लाड ह्या एका पोरीवर उधळले जात होते. तिच्या डाव्या हाताची करंगळी आत वाकलेली होती, थेट त्यांच्यासारखी, आणि हे ते ओळख नसलेल्या माणसांनाही दाखवत.

राजसीची शाळा सोनिवलीकडे, नव्या इमारतींच्या मधोमध. दिवाळीनंतर तिथे चौथीतला सोहम चढायच्या लोखंडी मनोऱ्यावरून खाली पेव्हर ब्लॉकवर पडला आणि त्याच्या मनगटाचे दोन तुकडे झाले. पालकांच्या ग्रुपवर तीन दिवस आग लागली होती. मग मुख्याध्यापिका नीलिमा मॅडमनी समिती नेमली, मैदानावर सुरक्षित असं काय घालायचं ते ठरवायला, आणि समितीवर कर्णिकांना घेतलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी कर्णिकांची गत झाली.

त्यांनी बाकीच्या सभासदांना तोंड उघडू दिलं नाही. तीन प्रकार, तीन आठवडे, असं जाहीर करून टाकलं. झोपाळ्यांखाली रबराच्या जाड लाद्या. घसरगुंडीखाली हिरवं प्लास्टिकचं गवत. आणि त्या सात फुटी मनोऱ्याखाली, ज्याला मुलं किल्ला म्हणत, एक फूट खोल वाळू. वाळू कसली, त्यावरही त्यांचं व्याख्यान झालं. दगड फोडून केलेली नको, ती दाबली की फरशी होते. धुतलेली, गोल दाण्याची हवी.

रबराच्या लाद्या देणारा सुजित उल्हासनगरचा. तो वाळूकडे बघून हसला. "सर, वाळू म्हणजे मांजरांचा संडास. पाऊस आला की चिखल. रबर टाका ना सगळीकडे, टेन्शन खल्लास."

"आणि एप्रिलमध्ये तुझ्या रबरावर पोळी भाजली जाईल, त्याचं काय?" कर्णिक म्हणाले. "बघू. आकडे बोलतील."

पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः किल्ल्यावर चढून चारी बाजूंना नारळ टाकले. सहासष्टाव्या वर्षी माणूस शाळेच्या किल्ल्यावर चढून नारळ टाकतो म्हटल्यावर अख्खी दुसरी खिडक्यांना लोंबकळली; राजसी तर मान ताठ करून सगळ्यांना सांगत होती, ते माझे आजोबा. नारळ म्हणजे पोराचं डोकं समजा, असं कर्णिकांनी मॅडमना समजावलं. पेव्हरवर नारळाची दोन शकलं झाली. गवतावरही झाली, कारण खाली सिमेंटच होतं आणि गवत म्हणजे नुसती वर अंथरलेली सतरंजी. रबरावरून नारळ उडून कुंपणाकडे गेला. वाळूत मात्र धप् करून बसला तो हललाच नाही.

शकलं गोळा करायला कौसाबाई आली. ती शाळेतली जुनी सेविका, सोनिवलीचीच. शाळा उभी आहे तिथे तिच्या सासऱ्याची भाताची खाचरं होती. तिने खोबरं कपाळाला लावलं आणि पुटपुटली, "देवाचं नाव न घेता नारल फोडतात व्हय कदी?" कर्णिकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिला काम नेमून दिलं: रोज संध्याकाळी शाळा सुटली की दाताळ्याने वाळू मोकळी करून सपाट करायची, मग फाटकाला कुलूप.

रोज सकाळी सातला, राजसीला पटांगणाच्या कडेला बसवून कर्णिक पाहणी करत. चौथ्या दिवशी वाळूत ठसा दिसला. दोन तळवे, बोटं फाकलेली, आणि मागे एका गुडघ्याचा खळगा. आजूबाजूला पावलं नव्हती. कोणी आत आल्याची नाहीत, कोणी बाहेर गेल्याची नाहीत. कौसाबाईने काम नीट केलं नाही असं म्हणून त्यांनी तो विषय मनातून काढला.

मधल्या सुट्टीत पहिलीतली एक मुलगी किल्ल्याच्या दुसऱ्या दांडीवरून सटकली आणि पुढे पडली. दोन्ही हात टेकले, एक गुडघा टेकला. हसत उठली आणि पुन्हा चढायला लागली. कर्णिक तिथेच उभे होते. तिचे हात नेमके त्या सकाळच्या ठशांत गेले होते, हातमोज्यात जावेत तसे. वाळूचा एक कणही इकडेतिकडे झाला नव्हता.

योगायोग, असं ते स्वतःला म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खिशात टेप घेऊन आले. त्या दिवशी बैठकीचा खळगा होता आणि पुढे टाचांच्या दोन चऱ्या. त्यांनी लांबी-रुंदी मोजून वहीत मांडली. साडेदहाला तिसरीतला एक गोलमटोल मुलगा किल्ल्याच्या टोकावरून धपकन बसला. तो उठल्यावर कर्णिकांनी पुन्हा टेप लावली. आकडे तेच. आकडे बोलतील असं तेच म्हणाले होते, आणि आता ते बोलले तेव्हा मार्चच्या उन्हात वाकून त्यांनी पुन्हा दोनदा मोजलं.

सुरक्षा अधिकारी असा सहजी हार मानत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः दाताळं फिरवलं, वाळूवर ताडपत्री घातली, चारी कडांवर विटा रचल्या आणि फाटकाची किल्ली घरी नेली. सकाळी विटा जिथल्या तिथे होत्या. त्यांनी ताडपत्री उचलली. खाली, मधोमध, एका लहान मुलाची कूस टेकल्यासारखा खळगा होता, कोपराच्या खुणेसकट.

त्यांनी कौसाबाईला गाठलं. ती नळाशी पिंप भरत होती.

"बाई, वाळूत सकाळी काही दिसतं का तुम्हाला?"

तिने नळ बंद केला. "चवथ्या दिसापासून दिसतंय, सायेब. म्हनून तर मी सकालच्याला दातालं लावत नाय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं नाय." तिने पदराला हात पुसले. "माजी सासू गेली तवा रातीला घरात पीठ पसरलं व्हतं, वर टोपली झाकली व्हती. सकालच्याला पिठात जे उमटतं ते बघायचं, हात जोडायचं. बोट लावायचं नाय त्याला. ह्ये बी तसंच हाय. पोरं पडनार ती पडनारच. त्येंच्यासाटी कोनीतरी आदी जागा करून ठेवतंय. एक तरी पोर रडलं का ह्या वालूत?"

एकही रडलं नव्हतं, हे खरं होतं. झोपाळ्याखाली रबरावर दोघांचे गुडघे सोलवटले होते, गवतावर एकाच्या ओठाला खोक पडली होती. वाळूत नऊ मुलं पडली आणि नऊच्या नऊ हसत उठली. कर्णिकांनी हेही वहीत मांडलं होतं. पण सेविकेचं ऐकून अहवाल लिहायचा, हे त्यांच्या रक्तात नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ते सातला पोचले. राजसीला पायरीवर बसवलं आणि वाळूपाशी गेले.

आजचा खळगा मोठा होता. उताणा. एक लहान मूल वरून पाठीवर पडावं तसा, पाय किल्ल्याकडे, आणि डोक्याच्या जागी वीतभर खोल वाटी. डोकं एवढं खोल रुतलेलं त्यांनी ह्या वाळूत आजवर पाहिलं नव्हतं. डोक्यामागून एका वेणीची जाड खूण गेली होती. डावा हात बाजूला पसरलेला. पाची बोटं स्पष्ट, आणि करंगळी आत वाकलेली.

एकतीस वर्षांत कर्णिकांनी मोठमोठे अपघात पाहिले होते. तिथे ते कधी मागे सरले नव्हते, इथे एक पाऊल मागे सरले. मागून राजसीचा आवाज आला, "आजोबा, काय आहे तिकडे?" त्या आवाजासरशी त्यांच्या हातांनी एकतीस वर्षांच्या सवयीचं काम केलं. त्यांनी दाताळं उचललं आणि तो खळगा फराफरा ओढून सपाट केला. डोकं आधी, मग वेणी, मग हात. वाळू सारखी होईपर्यंत ते थांबले नाहीत. वर पायाने दाबलीसुद्धा.

"काही नाही," ते म्हणाले. "चल, घरी जाऊ. तुला ताप आहे."

"मला नाहीये ताप."

"आहे," कर्णिक म्हणाले, आणि तिला उचलून घेऊन निघाले. फाटकापाशी कौसाबाई उभी होती. तिने सपाट वाळू पाहिली, शेजारी पडलेलं दाताळं पाहिलं, आणि तोंडावर पदर धरला.

तो दिवस सुखरूप गेला. शुक्रवारी वाळू कोरी होती. शनिवारी कोरी. सोमवारीही. मुलं पडतच होती, पण आता आधी काही उमटत नव्हतं, आणि दोन मुलं रडत उठली. कर्णिकांना मात्र जग जिंकल्यासारखं वाटत होतं. त्यांनी अहवाल लिहायला घेतला आणि वहीतल्या सगळ्या आकड्यांना बाजूला सारून एका ओळीत निकाल दिला: सर्वत्र रबर, वाळू ताबडतोब काढून टाकावी. नीलिमा मॅडमना आश्चर्य वाटलं.

"कर्णिक सर, तुमचे आकडे तर वाळूच्या बाजूने आहेत."

"मांजरं येतात," कर्णिक म्हणाले.

सुजितने शनिवारी दुपारी टेम्पो आणायचं कबूल केलं. वाळू भरून न्यायची, लाद्या टाकायच्या.

आणि त्याच सोमवारी संध्याकाळी राजसी न्हाणीघरात पाठीवर पडली. टॉवेल घ्यायला दाराशी आली आणि कोणी मागून खेचल्यासारखी उताणी गेली. कर्णिक टॉवेल घेऊन दारातच होते म्हणून डोकं फरशीवर आपटायच्या आधी त्यांचा हात मध्ये आला. त्यांच्या बोटांची सालटं निघाली.

"पाय घसरला का गं?"

"नाही," राजसी म्हणाली. "पाय नाही घसरला. मी नुसतीच पडले."

बुधवारी इमारतीच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, ती पुन्हा मागे गेली. ह्या वेळी दप्तर पाठीवर होतं म्हणून वाचली. दप्तरातला स्टीलचा डबा चेपून चपटा झाला. गुरुवारी संध्याकाळी ती गॅलरीत स्टुलावर चढून तुळशीला पाणी घालत होती. चौथा मजला. कठड्याला पाठ करून तिने रिकामा तांब्या आजोबांकडे द्यायला हात पुढे केला, आणि तशीच, डोळे उघडे, मागे कलू लागली. कर्णिकांनी तिचा फ्रॉक धरला तो दोन्ही मुठींत. तांब्या खाली गेला. तो आपटल्याचा आवाज यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ कर्णिकांनी कधीच मोजला नसता तर बरं झालं असतं.

ती तिन्ही वेळा सारखीच पडली होती. उताणी, डावा हात पसरून. आणि दर वेळी जागा आधीपेक्षा उंच.

रात्रभर ते तिच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसले. उन्नतीने विचारलं तर म्हणाले, झोप येत नाही. खरं सांगितलं असतं तर तिने डॉक्टरकडे आधी त्यांनाच नेलं असतं. फरशी, जिना, डांबर, सिमेंट, जगभरची जमीन त्यांच्या डोळ्यांपुढून जात होती. ह्यातल्या कशावरही आधी काही उमटणार नव्हतं. खूण धरून ठेवील अशी एकच जागा होती, आणि ती त्यांनीच पुसली होती.

शुक्रवारी ते राजसीचा हात घट्ट धरून शाळेत गेले आणि ती वर्गात बसेपर्यंत हलले नाहीत. मग कौसाबाईपुढे जाऊन उभे राहिले. साहेब आपल्यापुढे असे हात लोंबकळत उभे आहेत हे बघून तिलाच कसंतरी झालं.

"बाई, माझं चुकलं," कर्णिक म्हणाले. हे वाक्य त्यांनी बायको होती तेव्हा तिलाही कधी म्हटलं नव्हतं. "आता काय करू?"

कौसाबाईने वाळूकडे बोट दाखवलं.

"सायेब, पाव्हना यायचा म्हनून पाट मांडला. तुमी पाट उचलला. पाव्हना का मागं फिरतो? तो दारातच हुबा ऱ्हातो. मंग दिसंल तिथं बसतो."

"पाट परत मांडता येत नाही?"

"मांडनारा आता नाय मांडायचा. पन वालू हाय अजून. उद्या दुपारपत्तुर हाय. पोरीला पडाय पायजे, सायेब. वालूतच. आनि तशीच. उडी मारून नाय चालायचं. उडी येगली, पडनं येगलं."

त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती. कर्णिक साडेसहाला राजसीला घेऊन पटांगणावर आले. कौसाबाईने फाटक उघडून ठेवलं होतं. हवेत अजून गारवा होता, समोर मलंगगडाचा डोंगर नुकता उजळत होता. रात्री कौसाबाईने वाळू खोलवर मोकळी केली होती. कर्णिकांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिला, दोनदा, तीनदा, जिथे डोकं येणार तिथे.

"किल्ल्यावर चढायचं? एकटीने?" राजसीचा विश्वास बसेना. बुधवारपासून आजोबांनी तिला दोन पायऱ्याही एकटीने उतरू दिल्या नव्हत्या.

"मी येतो ना मागून."

ती माकडासारखी वर गेली. कर्णिक धापा टाकत तिच्यापाठोपाठ चढले. वर फळीवर दोघं उभे राहिले, ती वाळूकडे पाठ करून, त्यांच्याकडे तोंड करून. सकाळच्या वाऱ्याने तिची वेणी पुढे आली होती, ती त्यांनी मागे टाकली. त्यांना वाटलं, ती आपली आपणच जाईल, न्हाणीघरात गेली तशी, गॅलरीत गेली तशी. ते वाट बघत राहिले. ती हसत होती. पाहुणा येत नव्हता. ती पूर्ण सुरक्षित उभी होती आणि ते सगळ्यांत भयंकर होतं, कारण दुपारी टेम्पो येणार होता आणि सोमवारी पुन्हा जिना होता.

"राजसी, हात सोड दांडीचा."

तिने सोडला. का, असं विचारलंही नाही. एवढा तिचा विश्वास होता.

"पडले तर पकडाल ना?"

कर्णिकांना खोटं बोलावं असं फार वाटलं. "नाही, बाळा," ते म्हणाले, आणि दोन्ही तळवे तिच्या छातीवर टेकवून त्यांनी तिला ढकललं.

ती ओरडली नाही. पडेपर्यंत त्यांच्याकडे बघत होती. उताणी, डावा हात पसरलेला. वाळूने तिला घेतलं, धप् असा लहानसा आवाज झाला, आणि डोकं वीतभर आत रुतलं. मग काहीच हललं नाही. कौसाबाई कडेला हात जोडून उभी होती. कर्णिक वरून उतरले की पडले, त्यांचं त्यांना आठवत नाही. ते वाळूत गुडघ्यांवर पोचले तेव्हा राजसीचे डोळे उघडे होते आणि तोंडही उघडं होतं, आत हवा जात नव्हती. मग एकदम गेली. तिने टाहो फोडला.

कर्णिक रडले. पोटात कळ आल्यासारखे वाकून रडले. वाचली, वाचली, एवढंच म्हणत होते. तिची पाठ चाचपली, मान चाचपली, डोक्यावर हात फिरवला. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. कौसाबाई जवळ आली, तिने पोरीच्या डोक्यावरून बोटं मोडली आणि म्हणाली, "झालं. गेला पाव्हना."

राजसीचं रडणं थांबलं. तिने आजोबांचा हात आपल्या खांद्यावरून काढून बाजूला ठेवला, हळूच, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"तुम्ही ढकललंत," ती म्हणाली.

सात वर्षांच्या मुलीला काय सांगणार, आणि तिच्या आईबापांना तरी काय? सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, तिने ते कोणालाच सांगितलं नाही. कर्णिकांनी तिथूनच मॅडमना फोन करून अहवाल मागे घेतला, सुजितला टेम्पो आणू नको म्हणून कळवलं, आणि वाळू राहिली. सगळ्या मैदानावर आता वाळूच आहे. सकाळी तिच्यात काय उमटतं ते कर्णिक बघायला जात नाहीत.

राजसी त्यानंतर एकदाही पडली नाही. अभ्यासात हुशार आहे, जेवते नीट, आजोबांनी विचारलं की उत्तर देते. वेणी मात्र आईकडून घालून घेते, सहा वाजायच्या आत, अर्धवट झोपेत का होईना. आणि शाळेला निघताना जिन्याच्या तोंडाशी आली की थांबते, कठडा धरते आणि भिंतीला पाठ लावून उभी राहते. कर्णिक पुढे होऊन दहा पायऱ्या खाली उतरले, की मग ती मागून उतरायला लागते.